‘ते आलं बघ’: पारलिंगी माणसांशी होणारा भेदभाव चालतो कसा

‘ते आले’ आणि ‘ते आलं’. सर आले, काका आले, पाहुणे आले, तेव्हा आपण पहिलं म्हणतो. दुसरं म्हणतो ते मांजराच्या पिल्लाला, नाहीतर शेजारच्या बारक्या पोराला. आणि एसटी स्टँडवर, मंडईत, सिग्नलला साडी नेसलेलं, टाळी वाजवत येणारं कुणी दिसलं की शेजारचा माणूस कानाशी कुजबुजतो, "ते आलं बघ." लगेच पर्स काखेत जाते, रिक्षातली बाई आत सरकते, गाडीची काच वर जाते. समोरच्या व्यक्तीनं अजून तोंडही उघडलेलं नसतं. मराठीत नपुंसकलिंग लाडानंही वापरतात, पण इथे लाड नसतो. इथे एका माणसाला ‘तो’ आणि ‘ती’ या दोन्ही घरांतून बाहेर काढून वस्तूंच्या रांगेत उभं केलेलं असतं.

ही कुजबुज कुठून येते, आणि ती पुढे शाळेच्या दाखल्यापर्यंत, दवाखान्यातल्या खाटेपर्यंत, भाड्याच्या खोलीपर्यंत कशी पोचते, ते मला इथे सोप्या भाषेत सांगायचं आहे.

आधी शब्द नीट करून घेऊ. मूल जन्मलं की शरीर पाहून दवाखान्यात ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ लिहितात. ही झाली जन्माच्या वेळची नोंद. आपण आतून कोण आहोत याची जाणीव प्रत्येकाला असते, तिला लिंगभाव म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत ही दोन्ही जुळतात, म्हणून त्यांना हा प्रश्न आयुष्यात कधी पडतही नाही. काहींच्या बाबतीत जुळत नाहीत. ती माणसं पारलिंगी, म्हणजे ट्रान्सजेंडर. मुलगा म्हणून नोंद झालेली पण स्त्री असलेली ती पारलिंगी स्त्री, आणि याच्या उलट असेल तो पारलिंगी पुरुष. आंतरलिंगी व्यक्ती वेगळ्या. त्यांच्या शरीराची जन्मजात रचनाच स्त्री-पुरुषांच्या नेहमीच्या साच्यात पूर्ण बसत नाही. कुणाबद्दल आकर्षण वाटतं, हा तर आणखी निराळा विषय.

‘हिजडा’ म्हणजे शरीराची अवस्था असं बरेच जण समजतात. ती खरं तर एक जुनी परंपरा आहे. गुरू, चेले, नानीगुरू म्हणजे गुरूचे गुरू, घराणी, एकत्र राहायचे डेरे, वाटून घेतलेले इलाके, असं तिचं रीतसर जग आहे. कोल्हापूर-सांगलीकडे यल्लम्माला सोडलेले, परडी घेऊन जोगवा मागणारे जोगते असतात, त्यांची परंपरा पुन्हा वेगळी. सरकारी कागदावर या सगळ्यांना मिळून ‘तृतीयपंथी’ म्हणतात. पण कितीतरी पारलिंगी माणसं यातल्या कुठल्याच परंपरेत नसतात. ती ऑफिसात असतात, शेतात असतात, तुमच्या मुलांच्या वर्गात असतात. पारलिंगी पुरुष तर समाजाला जवळजवळ दिसतच नाहीत, कारण आपल्या डोळ्यांसमोर टाळीचं एकच चित्र आहे. त्यांचे हाल घराच्या चार भिंतींत होतात. ‘लग्न लावून दिलं की सुधारेल’ असं म्हणून त्यांना बोहल्यावर उभं केलं जातं.

हा आजार आहे का? नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या वर्गीकरणाची जी अकरावी आवृत्ती 2019 मध्ये स्वीकारली आणि 2022 पासून लागू केली, तिच्यात पारलिंगी असणं हे मानसिक आजारांच्या यादीतून काढून टाकलं आहे. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानंही 2022 मध्ये स्पष्ट केलं, की ‘बदलून देतो’ म्हणून केले जाणारे उपचार हे डॉक्टरच्या पेशातलं गैरवर्तन ठरेल. तेव्हा कुणी झटके देऊन, औषधं देऊन किंवा अंगारा लावून मूल ‘सरळ’ करून देतो म्हणत असेल, तर त्याच्या दारात मुलाला नेऊ नका.

भविष्यकाळात बोलणारी मुलगी

आता माझ्या शाळेतली गोष्ट सांगते. नगर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. माझ्या वर्गात एक मूल होतं. पटावर मुलांच्या यादीत नाव, बसायचं मुलांच्या बाकावर. तेव्हा आम्ही ‘तो’ म्हणायचो. आता मी ‘ती’ लिहिणार आहे, कारण ती तेव्हाही तीच होती, आम्हाला कळत नव्हतं इतकंच.

मराठीत स्वतःबद्दल बोलायचं तर दर दुसऱ्या वाक्यात आपलं लिंग सांगावं लागतं. मी आलो, मी आले. मी जातो, मी जाते. तिला ‘आलो’ म्हणवत नव्हतं आणि ‘आले’ म्हणायची सोय नव्हती. मग तिनं एक वाट शोधली होती. ती किती कष्टाची होती ते मला फार उशिरा, तिनंच सांगितल्यावर समजलं. ती असं एकही वाक्य बोलायची नाही, ज्यात मुलगा की मुलगी ते उघड होईल. ‘मी जातो’च्या ऐवजी ‘मला जायचंय’. ‘मी विसरलो’च्या ऐवजी ‘लक्षात राहिलं नाही’. ‘मी दमलो’च्या ऐवजी ‘पाय दुखतायत’. ‘मी वाचलं’, ‘मी लिहिलं’ हे चालायचं, कारण तिथे क्रियापद बोलणाऱ्याकडे बघत नाही. हजेरीला ‘हजर’ म्हणायचं, ते तर सगळ्यात सोपं. आणि भविष्यकाळ तिला फार आवडायचा. मी येईन, मी करीन, मी शिकेन. तिथे मुलगा-मुलगी काही नसतं. आठ-दहा वर्षांचं पोर दिवसभर प्रत्येक वाक्य तोंडातून निघायच्या आत तपासून बघत होतं.

पुढे हायस्कुलात एकदा खो-खो खेळताना तिचा पाय मुरगळला आणि तोंडून निघून गेलं, "सर, मी पडले!" सगळं मैदान हसलं. सरही हसले. मीही हसले होते. त्या दिवसापासून शाळा सुटेपर्यंत तिचं नाव ‘पडले’ होतं. कुणी मारलं नाही, कुणी शाळेतून काढलं नाही. आम्हा कुणाला त्यात वाईट असं काही वाटलंही नाही. दोन वर्षं एका मुलीला रोज तिच्याच क्रियापदानं हाक मारली जात होती, आणि दहावीनंतर ती गावातून निघून गेली तेव्हा ‘कुठे गेला कोण जाणे’ एवढंच आम्ही म्हणालो.

माझी आई कोल्हापूरकडची. तिकडच्या बायका आजही सर्रास ‘मी येतो’, ‘मी आलो’ म्हणतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. म्हणजे क्रियापदामुळे कुणी बाटत नाही, हे आपल्याला माहीत असतं. हसू येतं ते क्रियापद बोलणाऱ्या माणसाचं.

मनात असतं ते आणि कागदावर असतं ते

पूर्वग्रह आणि भेदभाव हे शब्द आपण एका दमात बोलतो. त्यातला फरक समजून घेतला तर पुढचं बरंच सोपं होतं. पूर्वग्रह मनात असतो: ‘ही माणसं अशीच असतात.’ भेदभाव व्यवहारात असतो: ‘म्हणून मी खोली देणार नाही.’ आणि तिसराही एक प्रकार आहे, ज्यात कुणाच्या मनात काही वाईट असावंच लागत नाही. अर्जावर दोनच चौकोन असतात. खिडकीमागचा कारकून भला माणूस असतो, चहाही विचारतो, पण संगणक तिसरं काही घेतच नाही.

या तिसऱ्या प्रकाराचं उदाहरण घरचंच आहे. 2022 मध्ये महाराष्ट्रात पोलीस भरती निघाली. ऑनलाइन अर्जात ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ एवढेच पर्याय होते. पारलिंगी उमेदवार प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे गेले, न्यायाधिकरणानं सोय करायला सांगितलं, तर सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. शेवटी डिसेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अर्जात तिसरा पर्याय आणायला लावला, शिपायांच्या दोन जागा राखून ठेवायला आणि शारीरिक चाचणीचे नियम फेब्रुवारीअखेर करायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं ‘तृतीय लिंग’ मान्य करून तोवर आठ वर्षं झाली होती. पुढच्या काही महिन्यांतच नागपूर आणि पुणे पोलिसांनी तृतीयपंथीयांनी चौकात पैसे मागू नयेत म्हणून कलम 144 खाली आदेश काढले. नोकरीचा अर्ज भरायला कोर्टात जावं लागतं आणि मागायला चौकात उभं राहिलं तर गुन्हा होतो, या दोन्ही गोष्टी एकाच राज्यात एकाच हिवाळ्या-उन्हाळ्यात घडल्या. मला या विषयात सगळ्यात जास्त खुपतं ते हेच.

कारण लोक नेहमी विचारतात, ‘काम का करत नाहीत?’ काम मिळवायला काय काय लागतं ते बघा. आधी शाळा. शाळेत मुतारीला जायची भीती, म्हणून पाणी प्यायचं नाही, म्हणून डोकं दुखतं, म्हणून गैरहजेरी. 2011 च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशभरात 4,87,803 माणसांची नोंद झाली, त्यातली 40,891 महाराष्ट्रातली. त्यांच्यात साक्षरता होती सुमारे 56 टक्के, तेव्हा देशाची होती 74. हा 18 टक्क्यांचा फरक बुद्धीचा नाही, मैदानावर हसणाऱ्या पोरांचा आणि सरांचा आहे.

मग घर. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगासाठी दिल्ली आणि उत्तर प्रदेशात झालेल्या एका पाहणीत आई-वडिलांसोबत राहणाऱ्या पारलिंगी व्यक्ती दोन टक्क्यांच्या आसपास निघाल्या. घर सुटलं की रेशन कार्ड सुटतं, कारण ते बापाच्या नावावर. पत्त्याचा पुरावा जातो. दाखल्यावर एक नाव, राहणी दुसरी, आधारवरचा फोटो तिसराच. बँकेत साहेब फोटोकडे बघतो, चेहऱ्याकडे बघतो आणि म्हणतो, ‘उद्या या.’ 2020 च्या टाळेबंदीत केंद्र सरकारनं पारलिंगी व्यक्तींना 1500 रुपयांची मदत जाहीर केली. सिग्नल ओस पडले होते, बाळाला आशीर्वाद द्यायला बोलावतात ती बधाईची आमंत्रणं बंद होती, त्या पैशाची नड होतीच. पण ज्यांचं बँकेत खातंच नाही त्यांना ते मिळणार कसे?

आणि नोकरी लागली तरी? कोची मेट्रोनं 2017 मध्ये 23 पारलिंगी व्यक्तींना कामावर घेतलं. देशभर कौतुक झालं. काही आठवड्यांतच त्यांच्यातल्या काहींनी काम सोडलं. काम जमत नव्हतं म्हणून नव्हे, शहरात कुणी खोली देईना म्हणून. लॉजचं रोजचं भाडं त्या पगारात परवडणारं नव्हतं. एक दार उघडून भागत नाही ते असं. पाच दारांपैकी चार बंद असतील तर पाचव्यातून आत गेलेला माणूसही महिन्याभरात बाहेर येतो.

दवाखान्याचं काय सांगावं. अपघात झालेल्या पारलिंगी स्त्रीला पुरुषांच्या वॉर्डात ठेवायचं की बायकांच्या, यावर स्ट्रेचरच्या बाजूला चर्चा होते आणि ती तिला ऐकू येत असते. मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात 2023 मध्ये 30 खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला, तो याच अनुभवांमुळे. तालुक्याच्या गावी मात्र चर्चा अजून स्ट्रेचरच्या बाजूलाच होते.

ही भीती आली कुठून

आपल्याला वाटतं की हे पूर्वापार असंच आहे. तसं नाही. मराठी राज्यात पुण्याच्या आसपासच्या हिजड्यांना ठरावीक गावांतून हक्कानं मागून घेण्याच्या सनदा होत्या. म्हणजे त्यांचं मागणं हे राज्यानं मान्य केलेलं होतं. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात तो हक्क काढून घेतला. पुढे 1871 मध्ये त्यांनी गुन्हेगार जमातींचा कुप्रसिद्ध कायदा केला. पारध्यांसारख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा म्हणून तो महाराष्ट्राला चांगला माहीत आहे, पण त्याचा दुसरा भाग हिजड्यांवर होता, हे फार थोड्यांना माहीत असतं. उत्तर हिंदुस्थानात त्यानुसार पोलिसांनी हिजड्यांची नोंदवही ठेवायची, आणि बाईचे कपडे घालून रस्त्यावर दिसलं किंवा नाच-गाणं केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. मुलं पळवतात, हा संशय तर त्या कायद्यातच लिहून ठेवलेला होता. निजामाच्या हैदराबाद संस्थानातही, म्हणजे आपला मराठवाडा ज्या राज्यात होता तिथे, 1919 मध्ये असाच कायदा झाला. तेलंगणाच्या कायद्याच्या पुस्तकात तो जुलै 2023 पर्यंत होता. मग तिथल्या उच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला.

कायदा गेला तरी संशय राहिला. मे 2018 मध्ये हैदराबादेत मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती. जमावानं एका पारलिंगी स्त्रीला ठेचून मारलं. महिन्याभरानं, 1 जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात त्याच अफवेनं नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच भिक्षेकरी मारले गेले. दोन्हीकडे मेलेली माणसं मागून खाणारी, परगावची आणि बोट दाखवायला सोपी होती. ‘झोपला नाहीस तर हिजडा घेऊन जाईल’ असं आपण पोराला सहज म्हणतो. ते वाक्य कुठपर्यंत जातं, ते या दोन घटनांत दिसतं.

याची दुसरी बाजू म्हणजे आशीर्वाद. बाळ झालं, घर बांधलं, दुकान उघडलं, की त्यांचा हात डोक्यावर हवा. त्यांचा शाप नको. हा मान वाटतो, पण याच्या तळाशी भीतीच आहे. ज्याच्या शापाला आपण भितो त्याला आपण शेजारी म्हणून घर देत नाही. आशीर्वाद देऊन तिनं उंबऱ्याबाहेरूनच परत जावं, अशी आपली अपेक्षा असते.

सिग्नलवर, रेल्वेत काही जणांकडून दमदाटी होते, पैसे न दिल्यास घाणेरड्या शिव्या मिळतात, हेही खरं आहे. मी स्वतः ते सोसलं आहे आणि संतापलेही आहे. त्या माणसाची तक्रार जरूर करावी. पण रिक्षावाल्यानं फसवलं म्हणून आपण जगातल्या सगळ्या रिक्षावाल्यांच्या मुलांना शाळेत घ्यायचं नाही, असं ठरवत नाही.

कायदा काय देतो

15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर निकाल दिला. पारलिंगींच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी त्या खटल्यात होत्या. आपलं लिंग कोणतं हे व्यक्ती स्वतः ठरवेल, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही, आणि शिक्षण-नोकरीत मागास वर्ग म्हणून सवलती द्याव्यात, असं त्यात म्हटलं. 2019 मध्ये संसदेनं कायदा केला. त्यानं भेदभावाला बंदी घातली, पण ओळखपत्रासाठी जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करायची पद्धत आणली, आरक्षणाबद्दल गप्प राहिला, आणि पारलिंगी व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षं. बाईवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं आहेत. देह तेवढाच दुखतो, मग शिक्षेत एवढा फरक का, याचं उत्तर मला आजवर कुणी पटेल असं दिलेलं नाही. कर्नाटकानं 2021 मध्ये सरकारी नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण दिलं. समांतर म्हणजे दलित पारलिंगी स्त्रीला दलितांच्या कोट्यातच ती जागा मिळते, जात किंवा लिंग यातलं एकच निवडावं लागत नाही.

आणि गावं कधी कधी कागदांच्या पुढे असतात. सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळनं 2017 मध्ये तृतीयपंथी सरपंच निवडला. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील या पारलिंगी स्त्रीनं ग्रामपंचायतीला महिलांच्या जागेवर अर्ज भरला, तो निवडणूक अधिकाऱ्यानं बाद केला. 2 जानेवारी 2021 ला औरंगाबाद खंडपीठानं त्यांना स्त्री म्हणून लढायची परवानगी दिली. यापुढे फायद्यासाठी स्वतःला पुरुष म्हणवणार नाही, असं त्यांच्याकडून वदवून घेतलं. असं लिहून द्यायला कुठल्या बाईला कधी सांगितलं जात नाही. त्या महिन्यातच मतदान झालं आणि भादलीकरांनी त्यांना निवडून दिलं. कोर्टातल्या कागदावर त्यांचं नाव आहे ‘अंजली गुरू संजना जान’. बापाच्या नावाच्या जागी गुरूचं नाव आहे.

माझी ती वर्गमैत्रीण मला तीन वर्षांपूर्वी पुन्हा सापडली. पिंपरीत एका कँटीनचे हिशेब ठेवते. गेल्या वर्षी तिची खोली सुटली तेव्हा मी तिच्याबरोबर फिरले. पहिल्या ठिकाणी खोली ‘कालच गेली’ होती, बाहेर पाटी तशीच लटकत होती. दुसरीकडे मालक म्हणाले, "आम्हाला काही नाही हो, पण सोसायटीला चालणार नाही." तिसरीकडे दुप्पट डिपॉझिट. सहाव्या ठिकाणी एक म्हातारी होती, गुडघ्याला तेल चोळत ओट्यावर बसलेली. तिनं माझ्या मैत्रिणीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. आम्ही दोघी उठायच्या बेतात होतो.

"पाणी सकाळी सहा ते सातच येतं," म्हातारी म्हणाली. "भरून ठेवायला जमेल का तुला?"

"मी उठते लवकर," ती म्हणाली.

करार 11 महिन्यांचा आहे. मार्चमध्ये संपतो.